किशोरवयीन ख्रिस्ती मुली आणि मनात घर केलेल्या खोट्या समजुती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चमध्ये मी तेरा ते अठरा वयाच्या मुलींचा वर्ग घेते, बरीच वर्षं झाली आता. त्यामुळे हे प्रश्न सारखे येतात, आयांकडून, संडे स्कूलच्या शिक्षिकांकडून, आणि कधीकधी रात्री उशिरा मेसेजवर स्वतः मुलींकडून. तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतेय. क्रम वगैरे लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

खोटी समजूत म्हणजे खोटी शिकवण का? पाखंड वगैरे?

नाही हो, ते पाळकांचं काम. मी बोलतेय ती मुलीने स्वतःबद्दल किंवा देवाबद्दल मनात धरून ठेवलेली वाक्यं. "मी कुणालाच नकोय." "देव माझ्यावर चिडलाय." "मार्क्स कमी म्हणजे मी बिनकामाची." "एकदा चुकले म्हणजे आता मी खराब झाले." गंमत अशी की ही वाक्यं ती कधी मोठ्याने बोलत नाही, विचारलं तर म्हणेल छे मला असं काही वाटत नाही. पण वागण्यात दिसतं. एक फोटो चाळीस वेळा काढून सगळे डिलीट करते, दर दोन वाक्यांनी सॉरी म्हणते, किंवा चर्चमध्ये प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असतं, बरोबर त्याच रविवारी तिचं पोट दुखतं. त्या पोटदुखीकडे लक्ष ठेवा.

एवढ्या हुशार मुली, मग त्यांना खोटं कळत कसं नाही?

कारण ते अर्धं खरं असतं. उत्पत्तीचा तिसरा अध्याय सावकाश वाचून बघा. साप थेट खोटं बोलत येतच नाही, तो प्रश्न विचारत येतो. देव म्हणाला होता सगळ्या झाडांची फळं खा, फक्त एक सोडून, आणि साप विचारतो काय, देवाने एकाही झाडाचं फळ खाऊ नका म्हणून सांगितलं का? बघा कसं उलटं केलं, देणारा देव एका प्रश्नात अडवणारा देव झाला. हव्वा उत्तर देते पण त्यात स्वतःचं थोडं घालते, "हातही लावू नका" असं, ते दुसऱ्या अध्यायातल्या आज्ञेत नाहीये. मग तिसरी पायरी, देव तुमच्यापासून काहीतरी लपवून ठेवतोय. आणि शेवटी त्यांचे डोळे खरंच उघडतात, म्हणजे साप त्या बाबतीत खरं बोलला होता. पण उघडल्यावर पहिलं काय दिसलं, तर आपण नागडे आहोत.

मुलींचंही असंच असतं. मैत्रिणींनी वेगळा ग्रुप काढला आणि तिला त्यात घेतलं नाही, हे खरं आहे, घडलंय. त्यावरून ती जे ठरवते की "माझ्यातच काहीतरी खोट आहे", ते खोटं. आपण घाईत म्हणतो अगं असं काही नाहीये गं, आणि तिला ऐकू येतं की हिला घडलेलंच मान्य नाही. मग ती गप्प. मी वर्गात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते, घटना खरी, अर्थ खोटा. आधी घटना मान्य करा, मग अर्थाकडे वळा.

वचनं पाठ करून घेतली तर पुरे नाही का?

मीही हेच करायचे. सुंदर कार्डं बनवली होती, रंगीत, प्रत्येकीला एक. तीन महिन्यांनी एक मुलगी म्हणाली, "ताई, पाठ आहे मला, पण ते दुसऱ्या मुलींसाठी असल्यासारखं वाटतं." मला राग आला होता खरं सांगायचं तर, कार्डांना किती वेळ गेला होता.

नंतर मत्तयाचा चौथा अध्याय वाचताना लक्षात आलं की वचन तर सैतानालाही पाठ आहे, येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून तो ९१ वं स्तोत्रच म्हणून दाखवतो. आणि येशू तीनही वेळा जी उत्तरं देतो ती अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातली आहेत. तिथे विषय काय, तर इस्राएल लोकांची अरण्यातली ४० वर्षं, भूक, मान्ना (देवाने तिथे दिलेलं अन्न), देवाची परीक्षा पाहणं. आणि येशू कुठे होता? अरण्यात, ४० दिवस उपाशी. म्हणजे त्याने हाताला लागेल ते वचन फेकून मारलं नाही, त्या जागेला नेमकं बसणारं काढलं. जी मुलगी लाजेने खचलीय तिला "तू अद्भुत रीतीने घडलेली आहेस" (स्तोत्र १३९) देऊन उपयोग नाही, तिला रोमकरांस ८:१ हवं, दंडाज्ञा नाही हे ऐकायला हवंय. दिसण्यावरून रडणारीला रोमकरांस ८:१ दिलं तर ती म्हणेल मी कुठे काय गुन्हा केला.

आता आम्ही वहीत चार रकाने आखतो. काय घडलं. मी त्याचा काय अर्थ लावला. हा अर्थ मला पहिल्यांदा कुणी सांगितला. देव यावर काय म्हणतो. चौथा रकाना भरायची घाई सगळ्यांना असते (शिक्षिकांना जास्त), पण खरं काम तिसऱ्यात होतं. आत्या म्हणाली होती, पाचवीतल्या बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आईच म्हणते. एकदा कळलं ना की हा आवाज देवाचा नाही, बाईंचा आहे, की मग चौथा रकाना मुली स्वतःच भरतात.

(एका मुलीचा प्रश्न) आरशात बघावंसंच वाटत नाही. १३९ वं स्तोत्र वाचून काहीच होत नाही, मी काय करू?

आधी हे, की काही होत नाही म्हणजे तुझा विश्वास कमी आहे असं नाही. १३९ वं स्तोत्र मुळात सौंदर्यावर लिहिलेलंच नाहीये गं, ते आपण स्टिकरवर छापून तसं करून टाकलंय. ते कशाबद्दल आहे तर देवापासून कुठेही लपता येत नाही याबद्दल, वर जा, खाली जा, समुद्रापलीकडे जा, अंधारात शिर, तो आहेच. तर तुला आज स्वतःकडे बघवत नसेल तरी एक जण बघतोय आणि तो नजर फिरवत नाहीये, एवढंच आज धर. आवडून घ्यायचं नंतर बघू.

आणि १ शमुवेल १६:७, माणूस बाहेरचं पाहतो पण परमेश्वर मन पाहतो, हे कुणाला सांगितलं होतं माहितीये? शमुवेलाला. एवढा मोठा संदेष्टा, आणि दावीदाचा मोठा भाऊ अलियाब याची उंची बघून त्यालाही वाटलं हाच राजा. म्हणजे दिसण्याला भुलणं इतकं सोपं आहे. आणि पुढे १२ व्या वचनात दावीद दिसायला देखणा होता असंही सरळ लिहिलंय, म्हणजे चांगलं दिसणं वाईट आहे असंही शास्त्र म्हणत नाही.

बाकी ज्या अकाउंटमुळे रोज वाईट वाटतं ते अनफॉलो कर. त्याला प्रार्थना लागत नाही, अंगठा लागतो. पण तू जर जेवण टाळत असशील किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढत असशील तर हे नुसतं वचनावर सोडायचं नाही, आजच घरातल्या मोठ्या माणसाला सांग आणि डॉक्टरकडे जा, प्लीज.

"मनाचं ऐक" यात चूक काय आहे?

यिर्मया १७:९ म्हणतो हृदय सगळ्यात कपटी. पण जपून, हे वचन घेऊन मुलीच्या प्रत्येक भावनेला खोटं ठरवणारे लोक मी पाहिलेत, तिला भीती वाटली तर "तुझं मन कपटी आहे" म्हणून गप्प करायचं. तसं नाही. मन साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. साक्षीदाराचं नीट ऐकून घ्यायचं, निकाल त्याच्याकडे द्यायचा नाही. ४२ आणि ४३ व्या स्तोत्रात तो माणूस तीनदा स्वतःच्या जिवालाच विचारतो, का खचलास, का तळमळतोस? दाबत नाही, आणि मागे फरपटतही जात नाही.

अपराधी वाटतंय ते पवित्र आत्म्यामुळे की सैतानामुळे, कसं ओळखायचं?

पवित्र आत्मा नेमकं बोलतो. "तो स्क्रीनशॉट तू पुढे पाठवलास, ते चुकलं, जाऊन तिची माफी माग." आरोप करणारा मोघम बोलतो. "तू अशीच आहेस." सैतान या शब्दाचा हिब्रूतला अर्थच मुळी विरोधक, आरोप करणारा. पहिल्या आवाजात पुढे काय करायचं ते असतं, दुसऱ्यात नुसती भिंत.

येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा बघा, दोघंही त्या एकाच रात्री चुकले, यहूदाने येशूला धरून दिलं आणि पेत्राने त्याला ओळखतच नाही म्हणून नाकारलं. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदा ते ओझं घेऊन एकटाच निघून गेला, पेत्र रडला पण बाकीच्या शिष्यांमध्येच राहिला. मला योहानातली एक गोष्ट फार आवडते, पेत्राने नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या शेकोटीपाशी उभा होता (१८:१८), आणि पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशू त्याच्यासाठी मासे भाजतो तेही कोळशांवर (२१:९), मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे तोच शब्द आहे. तोच वास आला असेल त्याला. तिथे बसवून येशू तीनदा विचारतो माझ्यावर प्रीती करतोस का, आणि लगेच काम देतो, माझी मेंढरं सांभाळ.

खोट्या समजुती चर्चमधूनही येतात का?

येतात. या उत्तरावरून मला बोलणी बसतात पण येतात.

पहिली म्हणजे, उदास आहेस म्हणजे विश्वास कमी आहे. १ राजे १९ वाचा. संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर एवढा मोठा चमत्कार बघून आलेला आणि पुढच्याच अध्यायात झुडपाखाली पडून म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे. देवाने प्रवचन दिलं का? झोपू दिलं, देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. आणि "मी एकटाच उरलोय" ही त्याची खोटी समजूत, तीसुद्धा देवाने सगळ्यात शेवटी दुरुस्त केली, ७,००० जण अजून आहेत म्हणून.

दुसरी, चुरगळलेल्या फुलाची. एक फूल वर्गात फिरवायचं, सगळ्यांनी हाताळायचं, आणि मग विचारायचं आता हे कुणाला हवंय? पावित्र्य शिकवायचं म्हणून करतात, हेतू चांगला असेल, पण ज्या मुलीवर कुणी जबरदस्ती केलीय ती त्याच वर्गात बसलेली असते आणि ती घरी काय घेऊन जाते? योहान ४ मधल्या शोमरोनी बाईला पाच नवरे झालेले आणि आताचा तिचा नवराही नाही, हे येशूला माहीत होतं, तरी आपण मसीहा आहोत हे त्याने तिला सरळ सांगितलं आणि तिच्यामुळे गावातल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला. शरीराचं पावित्र्य जरूर शिकवा, पण फूल नको.

तिसरी, नीतिसूत्रे ३१ ची यादी. पहाटे उठते, सूत कातते, शेत विकत घेते, मुली ऐकूनच दमतात. ती यादी नाहीच, ती कविता आहे, १० ते ३१ ही २२ वचनं आणि हिब्रूची २२ अक्षरं, प्रत्येक वचन पुढच्या अक्षराने सुरू होतं. आणि त्यात त्या स्त्रीला जे विशेषण लावलंय हिब्रूत, तेच रूथ ३:११ मध्ये बवाज रूथला लावतो. रूथकडे तेव्हा ना नवरा, ना मूल, ना शेत, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचत होती.

चौथी सगळ्यात वाईट, क्षमा करायची म्हणजे गप्प बसायचं. २ शमुवेल १३, दावीद राजाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला, ती कपडे फाडून रडत बाहेर आली, आणि तिचा सख्खा भाऊ अबशालोम म्हणतो गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे. दावीद राजाला राग आला पण त्याने केलं काहीच नाही. तामार उदास होऊन भावाच्या घरी राहिली आणि पुढे त्या घरात रक्ताचे पाट वाहिले. शास्त्र हे लपवत नाही, तिचा आक्रोशही लिहून ठेवतं. तुमच्याकडे एखादी मुलगी असं सांगत आली तर पहिलं वाक्य एकच, मी तुझ्यावर विश्वास ठेवते आणि यात तुझा दोष नाही. दुसरं काम, पोलीस किंवा तुमच्याकडे जी बाल संरक्षण यंत्रणा असेल ती. चर्चचं नाव खराब होईल हा विचार डोक्यात आला तर मत्तय १८:६ मधला, लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात बांधायचा जात्याचा दगड आठवा.

परीक्षेच्या आधी यिर्मया २९:११ वर (देवाच्या मनात तुमच्यासाठी हिताच्या योजना आहेत) विश्वास ठेवला, तरी नापास झाली. आता म्हणते देव खोटा आहे.

देव खोटा नाही, आपण वचन अर्धं दिलं. हे पत्र बाबेलमध्ये कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलंय, आणि आधीचं १० वं वचन सांगतं ७० वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणारे कितीतरी जण परत गेलेच नसणार. त्यांना सांगितलं घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, तिथेच. आणि त्याआधीच्या २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल म्हणून सांगत होता. लोकांना काय आवडलं असेल सांगायला नको. गोड आणि झटपट होतं ते खोटं होतं.

फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तसंच, "मला सर्व काही शक्य आहे" हे पौल कैदेत बसून लिहितो, भुकेलं राहायलाही शिकलो आणि पोटभर असतानाही, या अर्थाने. टॉपर होण्याबद्दल नाही. नापास झालेल्या मुलीला हे वचन पास झालेलीपेक्षा जास्त लागू पडतं खरं तर.

प्रार्थना केली, खोटा विचार नाकारला, तरी दुसऱ्या दिवशी परत येतो.

येणारच. इफिसकरांस ६ मध्ये शस्त्रसामग्रीत पहिला नंबर सत्याच्या कमरपट्ट्याचा आहे, आणि कमरपट्टा रोज बांधावा लागतो. विचार परत आला म्हणजे काल केलेली प्रार्थना वाया गेली असं नाही. फक्त एकटीने करू नका, याकोब ५:१६ एकमेकांना सांगायला सांगतो. आमच्या वर्गात प्रत्येकीची एक जोडीदार आहे, विचार आला की तिला फक्त एक टिंब पाठवायचं मेसेजमध्ये, बाकी काही लिहायचं नाही, ती समजते. ही आयडिया मुलींची, माझी नाही.

बॉयफ्रेंड म्हणतो प्रेम असेल तर फोटो पाठव.

१ करिंथ १३:५, प्रीती स्वार्थ बघत नाही. "प्रेम असेल तर" ने सुरू होणारं वाक्य आणि मत्तय ४ मधलं सैतानाचं "तू देवाचा पुत्र असशील तर" शेजारी ठेवून बघ. आणि पाठवून झाला असेल तरी सांगायला ये, ओरडणार नाही. धमकी देत असेल तर मेसेज डिलीट करू नकोस, ते पुरावा आहेत.

काउन्सेलरकडे नेणं म्हणजे देवावर विश्वास नसणं का?

नाही. पाय मोडला तर नेता ना. दोन आठवडे किंवा जास्त ती सतत उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टी सोडल्या असतील तर डॉक्टर किंवा काउन्सेलरला दाखवा, प्रार्थनाही चालू ठेवा. स्वतःला इजा करते किंवा मरायचं बोलते असं कळलं तर त्याच दिवशी न्या, आणि तिला एकटं सोडू नका.

मुलीचा फोन तपासावा का?

चोरून नको. सांगून, आणि लहान वयात जास्त, मोठी होईल तसं कमी. तुमचाही फोन जेवताना बाजूला ठेवा, मुली बघत असतात.

शास्त्रातल्या बायका सगळ्या कुणाच्या तरी आई किंवा बायको, माझ्या मुलीला कुणाबद्दल वाचायला देऊ?

हागार, उत्पत्ती १६. परकी, दासी, गरोदर, पळून आलेली, आणि शास्त्रात देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती तीच, तू मला पाहणारा देव आहेस म्हणाली. नामानाच्या घरातली कैदी म्हणून आणलेली पोरगी, २ राजे ५, जिचं नावसुद्धा दिलेलं नाही पण जिच्या एका वाक्यामुळे सेनापती बरा झाला. प्रिस्किल्ला, प्रेषितांची कृत्ये १८, जिने नवऱ्यासोबत अपुल्लोसारख्या विद्वानाला नीट समजावून सांगितलं. आणि बिरुयाचे लोक, कृत्ये १७:११, कारण ते पौलाचंही ऐकून झाल्यावर रोज शास्त्र उघडून तपासत. मुलीने तुमचंही तपासलं तर चिडू नका, माझंही तपासावं.

मुलगी काहीच बोलत नाही. दार लावून बसते. मी काय करू?

मार्क ५ मध्ये याईर नावाच्या माणसाची नुकतीच वारलेली मुलगी बारा वर्षांची आहे, आपल्या वर्गात बसली असती जवळजवळ. येशू पोचतो तेव्हा घरात गोंधळ चाललेला, रडणारे, मग त्याच्यावर हसणारे. तो आधी त्या सगळ्यांना बाहेर काढतो. आईवडील आणि तीन शिष्य एवढेच आत. मग हात धरतो आणि तिच्या घरच्या भाषेत, अरामीत, दोन शब्द बोलतो, तलीथा कूम, मुली, ऊठ.

तुम्हाला एवढं करता येईल, की जे तिला हसतात त्यांना थोडे दिवस बाहेर ठेवा, नातेवाईक असले तरी, आणि कमी बोला, तिच्या भाषेत बोला. दाराबाहेर बसून प्रार्थना केली तरी चालते, मी स्वतः केलीय, आतून गाणी लावली होती मोठ्याने. चौथ्या दिवशी दार उघडलं तेव्हा माझ्याकडे सगळी वचनं तयार होती, पण येशूने ती मुलगी उठून चालायला लागल्यावर काय सांगितलं ते आठवलं, हिला काहीतरी खायला द्या. मग मी ताट वाढलं.